पानाच्या तळाशी टक्

माझा स्वभाव तापट आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको. एकोणतीस वर्षं शाळेत शिकवलं. पन्नास-पन्नास मुलांचे वर्ग, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी ‘ताठ बसा’ एवढे दोन शब्द बोलण्यात गेली. पोक काढून बसलेलं पोर दिसलं की माझं डोकंच फिरायचं. बाई येतायत म्हटलं की अख्ख्या व्हरांड्यातल्या पाठी सरळ व्हायच्या, असा दरारा. आणि शेवटी मान वाकवून बसण्यापायी शोभा कोणाची झाली, तर माझीच.

निवृत्त झाले आणि दोन महिन्यांत लक्षात आलं, घरात माझं कोणी ऐकत नाही. आमचे हे वर्तमानपत्रामागून नुसतं ‘हं’ म्हणतात. एकदा मी मुद्दाम सांगितलं, ‘‘स्वयंपाकघराला आग लागलीय.’’ तर म्हणाले, ‘‘हं, संध्याकाळी बघू.’’ मुलगी फोनवर ऐकते म्हणे, पण मागे भांडी घासल्याचा आवाज येत असतो. मी बोलायची थांबले तरी तिचं ‘बरोबर आहे तुझं’ चालूच असतं. म्हणून अंधांच्या ग्रंथालयाला पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते कुलूप काढायच्या आधी मी दारात उभी होते. जी माणसं मुद्दाम वेळ काढून ऐकायला बसतात, त्यांना वाचून दाखवायचं. असा वर्ग मला जन्मात मिळाला नव्हता.

त्यांनी मला चारशे बारा पानांची कादंबरी दिली. दीपगृहावर राहणाऱ्या एका कुटुंबाच्या चार पिढ्या. रेकॉर्डिंगची खोली तळघरात, आमच्या न्हाणीघरापेक्षा जेमतेम मोठी. आत एक खुर्ची, एक माईक, आणि हिरव्या बनातीच्या जाड कापडाने मढवलेलं टेबल. समोर काच, आणि काचेपलीकडे यंत्र सांभाळणारा गृहस्थ. त्याला सगळे मौनी म्हणतात. कामाच्या वेळी तो ब्र काढत नाही. अंगठा वर म्हणजे चालू द्या, दोन बोटं म्हणजे वाक्य पुन्हा वाचा, आणि पालथा पंजा म्हणजे थांबा. संवाद इतकाच, पण तो मान वर करून माझ्याकडे बघायचा तरी. मला तेवढंही पुष्कळ होतं.

ग्रंथालयाचे दोन नियम होते. पहिला असा की, कागद हातात धरायचा नाही. हातात कागद कुरकुरतो आणि ते माईकला ऐकू जातं. म्हणून पुस्तकाची सुटी पानं बनातीवर आडवी ठेवायची आणि वाचून झालेलं पान तळहाताने हलकेच डावीकडे सरकवायचं. दुसरा नियम असा की, एक पुस्तक एकाच आवाजात. वाचणारा मधेच गळला, तर त्याचं सगळं वाचन पुसून दुसऱ्याने पहिल्या पानापासून वाचायचं. हे दोन्ही नियम करणारे गृहस्थ तिथे बावीस वर्षं रेकॉर्डिंग तपासत होते. त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि ऐकू इतकं येतं की समोरच्याला घाम फुटावा. त्यांना सगळे मागे कानसाहेब म्हणतात, आणि त्यांच्या मागे म्हणजे चांगलं चार खोल्या मागे, कारण तीन खोल्यांतलं त्यांना कळतं.

दहा महिने सुरळीत गेले. खोली एक आणि वाचणारे पुष्कळ, म्हणून माझी पाळी आठवड्यातून एकदा, दोन तास. पान २६०च्या सुमारास कानसाहेबांची टाइप केलेली चिठ्ठी आली. ‘पान २५८, टक् अकरा वेळा. पान २५९, टक् नऊ वेळा. खुर्ची बघावी.’

खुर्ची बघितली. मौनीने तिच्या सगळ्या सांध्यांना तेल घातलं. पुढची चिठ्ठी आली, टक् तेरा वेळा. खुर्ची बदलून स्टूल आणलं. मी मनगटावरचं घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली, चपला काढल्या. चष्म्याच्या दांड्या सैल असतील म्हणून त्यांना चिकटपट्टी लावली, त्यामुळे मी आठवडाभर पडून आपटल्यासारखी दिसत होते. मौनी टेबलाखाली रांगत जाऊन पाय चाचपून आला, टेबलाचे. तरी टक् चालूच. मग माझा संशय मौनीवर गेला. तो बडीशेप चघळतो. मी त्याला सरळ तोंड उघडून दाखवायला लावलं, पन्नाशीच्या माणसाला, आणि त्या बिचाऱ्याने दाखवलं. तोंड रिकामं होतं. तो त्या दिवशी बोटं जरा रागानेच दाखवत होता असं मला वाटलं.

मग एका सकाळी कानसाहेब स्वतः तळघरात उतरले. पांढरी काठी दाराशी टेकवली आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाले, ‘‘बाई, खुर्ची निर्दोष आहे. टक् तुमच्या तोंडात आहे.’’

‘‘माझ्या तोंडात?’’

‘‘डाव्या बाजूला. कानाच्या जरा पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा.’’

मी बोट ठेवलं, तोंड उघडलं. बोटाखाली काहीतरी सरकलं आणि टक् झालं. मला स्वतःच्या चेहऱ्याची शरम वाटली.

‘‘साठी आली की हाडं वाजतात,’’ मी म्हटलं. ‘‘त्यात काय एवढं?’’

‘‘वाजू देत. पुस्तकात नकोत,’’ ते म्हणाले. ‘‘आणि आणखी एक. हे वाटेल तेव्हा वाजत नाही. नवीन पान सरकल्यावर सव्वा-दीड मिनिट काही नाही. मग सुरू होतं, आणि पुढचं पान सरकेपर्यंत वाजतं. म्हणजे प्रत्येक पानाच्या तळाशी. त्याच वेळी तुमचा आवाज डब्यात गेल्यासारखा होतो. तुम्ही पानाच्या तळाशी नेमकं काय करता?’’

‘‘वाचते,’’ मी फणकाऱ्याने म्हटलं. ‘‘दुसरं काय करणार?’’

त्यांनी फाटे फोडले नाहीत. दोन आठवडे देतो, रोज या, म्हणाले. तेवढ्यात हे थांबलं तर ठीक, नाहीतर मखमलना विचारून ठेवलंय. मखमल म्हणजे पूर्वीच्या रेडिओवरच्या निवेदिका. त्यांचा आवाज इतका मऊ की त्यांच्याशी भांडायलाही जमत नाही, शब्द रुततच नाहीत. त्या पहिल्या पानापासून वाचणार आणि माझे दहा महिने, दोनशे नव्वद पानं, पुसली जाणार. मी जिना चढले आणि रस्ताभर दात-ओठ खात घरी आले. त्याने जबड्याचं काय झालं असेल ते तेव्हा मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. हे ते छत्तीस वर्षं करतायत आणि छत्तीस वर्षं मी बोलतेय. मी सुरुवात केली, ‘‘एका माणसाला किती वेळा सांगायचं की लाकडी खुर्चीवर ओलं...’’ आणि तिथेच जबडा अडकला. तोंड दोन बोटं उघडलं ते तसंच राहिलं. ना पुढे, ना मागे. कानाजवळून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं.

वर्तमानपत्र खाली आलं. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं वाक्य अर्धवट राहिलं होतं. हे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘‘पटलं का तुला माझं?’’

मी बोटाने जबडा दाखवला. त्यांनी घाबरून टॉवेल उचलला, पाणी आणलं, मग गरम पाण्याची पिशवी आणली. दहा मिनिटांनी जबडा सुटला, पण पूर्ण नाही. तिथूनच आम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेलो.

दातांचे डॉक्टर तरुण आणि उंच. उंच माणसाने ह्या धंद्यात पडू नये. ते माझ्या तोंडावर असे ओणवे झाले की त्यांची हनुवटी छातीत रुतली. आरसा फिरवला, ठोकून बघितलं, आणि ‘‘आणखी थोडं उघडा’’ म्हणाले. तेवढ्यात टक् झालं.

‘‘हे माझं नव्हतं,’’ मी तोंडातल्या आरशासकट म्हटलं.

‘‘नाही, माझं होतं,’’ डॉक्टर म्हणाले आणि स्वतःचा गाल चोळत सरळ झाले. ‘‘बाई, तुमचे दात उत्तम आहेत. एकही काढण्यासारखा नाही. मी तुम्हाला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवतो. मीसुद्धा तिच्याकडेच जातो.’’

‘‘दुखतंय जबड्यात आणि तुम्ही मला मानेवाल्यांकडे पाठवताय?’’

‘‘मलाही आधी असंच वाटलं होतं. तुम्ही दात आवळता का हो? रागात वगैरे?’’

‘‘लोक वागतातच तसे,’’ मी म्हटलं. ह्यांनी मान दुसरीकडे वळवली.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीतली एक मुलगी, केस वर बांधलेले, हात सुताराचे. तिने माझ्या तोंडाला हातच लावला नाही. तिने मला टेबलाशी बसवलं, समोर कागद ठेवला आणि म्हणाली, ‘‘काकू, तिथे वाचता तशाच वाचा.’’ मी वाचलं. ती बाजूला उभी राहिली आणि पान संपत आलं तेव्हा तिने फोनवर फोटो काढून मला दाखवला. फोटोत एक म्हातारी होती. पाठीला पोक, मान कासवासारखी पुढे काढलेली, हनुवटी गळ्याला टेकलेली, नाक कागदापासून वीतभर अंतरावर. माझ्या वर्गात असती तर मी तिला बाकावर उभी केली असती.

‘‘ही कोण?’’ मी विचारलं, पण ब्लाऊज माझाच होता.

तिने मला एक करून बघायला सांगितलं. मान पुढे काढा आणि दात हळूच मिटा, आधी कुठले टेकतात बघा. मागच्या दाढा टेकल्या. आता ताठ बसा, कान खांद्यांच्या वर आणा, पुन्हा मिटा. ह्या वेळी पुढे, दुसरीकडेच टेकले. मला वाटलं, हिने काहीतरी जादू केली. मी चार वेळा करून बघितलं. कोपऱ्यात बसून हेही करून बघत होते.

‘‘खालचा जबडा डोक्याला टांगलेला असतो,’’ ती म्हणाली. ‘‘डोकं पुढे गेलं, खाली गेलं, की गळ्याचे स्नायू त्याला मागे ओढतात. तो जागा सोडून बसतो. कानापाशी त्याचा सांधा आहे, त्यात एक छोटी चकती असते. ती पुढे सटकते, आणि तोंड उघडताना परत जागेवर येते तेव्हा टक् वाजतं. परत आली नाही, तर तोंड अडकतं. सगळ्यांचंच जबड्याचं दुखणं मानेतून येतं असं नाही, पण तुमचं येतंय. वर तुम्ही दात आवळता. म्हणजे एकीकडून मान ओढतेय, दुसरीकडून राग.’’

तिने व्यायाम दिले. हनुवटी आत, डोकं वर, रोज दहा-दहा वेळा. जीभ टाळूला, ओठ मिटलेले, आणि दात एकमेकांपासून सुटे. जेवण सोडून दिवसभर दाताला दात लागता कामा नये. आणि बोलणं कमी. वाचनाचे दोन तास चालतील, बाकी वेळ तोंडाला विश्रांती.

‘‘किती दिवस?’’ ह्यांनी विचारलं, जरा जास्तच उत्सुकतेने.

घरी मी तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी वावरू लागले. आपले शब्द मोजकेच आहेत आणि ते पुस्तकासाठी ठेवायचेत, असं ठरवून टाकलं. पहिले दोन दिवस हे खुशीत होते. तिसऱ्या दिवशी विचारायला लागले, ‘‘काही म्हणालीस का?’’ मी नुसती मान हलवायची, तीही ताठ ठेवून.

इकडे मौनीने तळघरात माझ्यासाठी लाकडी फळी उभी केली. डोळ्यांच्या रेषेत, चिमट्याला कापड लावून, एकेक पान त्यावर टांगायचं. पान संपलं की पालथा पंजा, रेकॉर्डिंग बंद, पान बदललं की अंगठा. वेळ दुप्पट लागायचा, पण मी राजासारखी बसायची. पहिल्या दिवशी सात पानं वाचली आणि एकदाही टक् झालं नाही. मला मौनीला मिठी मारावीशी वाटली. बडीशेपेच्या प्रकरणानंतर ते शोभलं नसतं म्हणून मारली नाही.

दुसऱ्या दिवशी कानसाहेबांची चिठ्ठी आली. ‘पान २९१पासून वाचक बदलला आहे का?’

मी ती चिठ्ठी घेऊन तीन-तीन पायऱ्या एकदम चढले. ‘‘वाचक बदलला म्हणजे? मीच वाचतेय. कोण येणार माझ्याऐवजी?’’

त्यांनी दोन तुकडे ऐकवले. पहिला पान २४०चा. तो आवाज माझा होता, पण मला माहीत नसलेला. खालचा, जवळचा, अंथरुणाशी बसून कोणी सांगावं तसा. दुसरा पान २९३चा. त्या पानावर आई मुलीला सांगते की तुझे बाबा समुद्रातून परत आले नाहीत. आणि मी ते असं वाचलं होतं, जसं काही सहामाही परीक्षेचं वेळापत्रक जाहीर होतंय. एकेक अक्षर सुटं, खणखणीत, मागच्या बाकापर्यंत पोचणारं.

मी खुर्चीत बसले. एकोणतीस वर्षं मान ताठ केली की समोर पन्नास पोरं असायची. मान ताठ आणि आवाज मोठा, हे माझ्या अंगात एकत्रच शिवलेलं होतं. मान खाली गेली की आवाज मऊ व्हायचा, पण मग टक्.

तीन दिवस मी झगडले. आवाज खाली आणायला गेले की त्याबरोबर हनुवटीही खाली. हनुवटी सावरली की बाई वर्गात हजर. मौनीची दोन बोटं दुखायला लागली असतील. एकेक वाक्य मी आठ-आठ वेळा वाचत होते. चौथ्या दिवशी जिन्यात मखमल भेटल्या. ‘‘मी सहज आले होते हो, पानांचा अंदाज घ्यायला,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका.’’ बाई मनाने वाईट नाहीत, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

दिलेल्या मुदतीतले तीन दिवस उरले होते. मी कानसाहेबांच्या खोलीत गेले. भांडायला गेले होते, पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

‘‘मला हे पुस्तक सोडायचं नाहीय,’’ मी म्हटलं. ‘‘तुम्हाला हसू येईल. शाळेत मुलं ऐकायची ती भीतीने. घरी कोणी ऐकतच नाही. इथे कोणीतरी आपण होऊन माझं ऐकणार आहे, एवढ्यासाठी मी दहा महिने त्या कोंदट खोलीत बसले. ते पुसू नका.’’

ते हसले नाहीत. टेबलाची कड चाचपत थोडे पुढे झुकले.

‘‘पान आडवं ठेवायचा नियम माझा,’’ ते म्हणाले. ‘‘मला कागदाची कुरकुर खुपायची. वाचणाऱ्याचं डोकं कुठे जातं, ते मला दिसत नव्हतं आणि मी कधी विचारलंही नाही. तुमची मान मीच वाकवली, बाई.’’

माझ्याशी भांडायला आलेल्या माणसांची मला सवय आहे, चूक कबूल करणाऱ्यांची नाही.

‘‘तुम्ही वाचता तेव्हा कोणाला वाचता?’’ त्यांनी विचारलं.

‘‘ऐकणाऱ्यांना.’’

‘‘किती असतात?’’

‘‘असतील की तीन-चारशे.’’

‘‘तिथेच घोटाळा आहे. पुस्तक चारशे लोक ऐकतात, पण एका वेळी एकच माणूस ऐकतो. बहुतेक एकटा असतो, खोलीत दुसरं कोणी नसतं.’’ ते उठले. ‘‘चला खाली. माझ्यासाठी एक खुर्ची सांगा, न करकरणारी.’’

मौनीने तेल घातलेली ती जुनी खुर्ची आणली. फळीच्या बाजूला, माझ्यापासून हातभर अंतरावर कानसाहेब बसले. गुडघे जवळजवळ टेकत होते. ‘‘आवाज माझ्यापर्यंत आला की पुरे,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्यामागे बाक नाहीत, भिंत आहे. टक् झालं की मी बोट वर करीन.’’

मी मान सरळ केली, जीभ टाळूला लावून सोडली आणि वाचायला लागले. एवढ्या जवळ बसलेल्या माणसावर ओरडता येत नाही. आवाज आपोआप बसला, आणि बसायला त्याला हनुवटीची गरज लागली नाही. पहिल्या दिवशी कानसाहेबांचं बोट चार वेळा वर आलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. मुदत संपली त्या दिवशी एकदाच, आणि त्यालाही ते म्हणाले, ‘माझ्या पोटाचं असेल.’ मुदतीचा विषय मग कोणी काढला नाही. जुन्या पानांतले टक् मौनीने एकेक करून खुडून काढले. जे शब्दाच्या आतच वाजले होते, ती वाक्यं मी पुन्हा वाचून दिली.

कानसाहेब रोज येऊन बसायचे. त्यांची काठी दाराशी, माझी पाण्याची बाटली पायाशी. मधे पान बदलताना आम्ही बोलायचो नाही, त्यांना आवडत नसे. काही दिवसांनी बोट वर यायचं पूर्ण बंद झालं. मी फुशारून गेले. फिजिओथेरपिस्टला जाऊन सांगितलं की एकही टक् नाही, तपासणाऱ्यांचं बोट हलतसुद्धा नाही. तिने माझ्या कानापुढे दोन बोटं ठेवली, तोंड उघडायला लावलं, आणि म्हणाली, ‘‘छान आहे काकू, पण अजून अधूनमधून वाजतंय बरं का.’’ मी म्हटलं, तुझ्याकडे वाजत असेल, तिथे वाजत नाही.

शेवटचं पान, चारशे बारावं, एका मंगळवारी सकाळी वाचलं. चौथ्या पिढीतली मुलगी दीपगृहाला कुलूप लावते आणि जिना मोजत खाली येते. तिच्या शेवटच्या पायरीशी पुस्तक संपतं. मी थांबले. मौनीचा पालथा पंजा वर आला आणि खोलीतला लाल दिवा विझला.

कानसाहेब हलले नाहीत. एरवी दिवा विझायच्या आत त्यांचं सुरू व्हायचं. अमुक ठिकाणी श्वास मोठा आला, तमुक जोडाक्षर चावलं. मी वाट बघितली. मग धीर सुटला.

‘‘सांगा, काय चुकलं?’’

‘‘माहीत नाही, बाई.’’

‘‘माहीत नाही म्हणजे?’’

‘‘तपासायचं राहून गेलं,’’ ते म्हणाले. बावीस वर्षांची चोरी पकडली जावी तसे ओशाळले होते. ‘‘मी ऐकत बसलो.’’

‘‘आज?’’

‘‘आज नाही. ती आई मुलीच्या हातात दिव्याची किल्ली देते ना, तिथपासून.’’

ते पान ३६०. म्हणजे शेवटची बावन्न पानं. म्हणजे इतके दिवस बोट वर आलं नव्हतं, त्यात माझ्या मानेची कर्तबगारी किती होती, हे आता देवालाच ठाऊक.

‘‘अहो, मग त्यात टक् वाजलंही असेल,’’ मी म्हटलं.

‘‘वाजलं असेल. उद्यापासून मी वर बसून तपासतो आणि सांगतो. तुम्हाला थोडं पुन्हा वाचावं लागेल.’’ मग म्हणाले, ‘‘इतकी वर्षं मी पुस्तकंच ऐकतोय असं मला वाटत होतं. मी चुका ऐकत होतो. हे पहिलं पुस्तक.’’

मला रडू फुटलं. पन्नास पोरांसमोर कधी फुटलं नव्हतं, आणि लपवायला मान खाली घालायची सोयही आता उरली नव्हती, म्हणून तशीच ताठ बसून रडले. काचेपलीकडे मौनी टेबलाखाली काहीतरी शोधत होता, आणि त्याला ते बराच वेळ सापडत नव्हतं.

‘‘बाई,’’ कानसाहेब हळूच म्हणाले, ‘‘ती मुलगी कुलूप लावून खाली येते, ते पान तेवढं आत्ताच पुन्हा वाचा.’’

‘‘का? तिथे वाजलं का काही?’’

‘‘नाही हो,’’ ते म्हणाले. ‘‘मला ऐकायचंय.’’